अकरा पुरुष आणि एक बाई

३ फेब्रुवारी

खारू,

पत्र फाडायच्या आधी एवढी एक ओळ वाच. तो सिनेमा पुन्हा येतोय.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहितेय. एकतीस वर्षं तो डब्यात पडून होता. आता सिनेमाच्या संग्रहालयाने जुनी प्रत धुऊनपुसून, ओरखडे काढून नवी केली आहे. १४ मार्चला मोठ्या थिएटरात खेळ आहे आणि खेळ संपला की मला स्टेजवर बोलावणार आहेत. हो, मलाच. नायक वारला, नायिका परदेशी असते, दिग्दर्शकाला आता घराबाहेर पडवत नाही. उरलं कोण, तर हॉस्पिटलातली लाँड्रीवाली.

ही बातमी घेऊन आली एक विद्यार्थिनी. पंचविशीची पोरगी, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक. व्यसनातून बाहेर येणाऱ्यांवरचे जुने सिनेमे, त्यांत कोण दिसतं आणि कोण दिसतच नाही, यावर ती प्रबंध लिहितेय. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी त्या काळातले चौदा सिनेमे पाहिले. तेरा सिनेमांत बाई दाराला धरून रडते. तुमच्या एकाच सिनेमात ती बैठकीत सगळ्यांबरोबर खुर्चीवर बसलीये. अकरा पुरुष आणि एक बाई. ती बाई म्हणजे तुम्ही."

मी म्हटलं, "ती खुर्ची मोडकी होती, म्हणून मला मिळाली."

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं तिने.

ती गेल्यावर मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. अडुसष्ट वर्षांची बाई, पण पाठ अशी ताठ झाली होती की मलाच माझं हसू आलं. मग वाटलं, का हसायचं? असू दे ताठ.

तू मुख्याध्यापिका झालीस हे मला मावशीच्या मुलाकडून कळलं. पालक, शिक्षक, संस्थेची माणसं, सगळ्यांना तोंड द्यावं लागत असेल. म्हणून आधीच सांगून ठेवते. परवानगी मागत नाहीये. कळवतेय.

बरी आहेस ना? मावशी गेली आणि तिला स्मशानात पोचवायला आलो होतो तेव्हा तू मला एवढंच विचारलंस, "पाणी हवंय का?" त्याला चार वर्षं झाली. पाणी हवं होतं. मी उगाच नको म्हणाले.

आई


११ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाही. नसू दे. हट्ट माझ्याकडूनच घेतलायस तू, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

ते शूटिंग झालं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि सुट्टीत मावशीकडे गेली होतीस. नंतर तुला जे कळलं ते लोकांकडून. मी बसून कधी सांगितलंच नाही. आता सांगते.

आमच्या हॉस्पिटलातला व्यसनमुक्ती विभागाचा हॉल सिनेमावाल्यांनी तीन आठवडे घेतला होता. लाँड्री खाली तळघरात. रोज सकाळी धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत मी वर जायचे. गुरुवारच्या बैठकीचा सीन होता. गोल मांडलेल्या खुर्च्या, एकेक जण उठून आपली कहाणी सांगणार. मध्ये नायक, बाकीची विभागातलीच खरी माणसं, पण वेचून घेतलेली. ज्याची भाषा चांगली, ज्याचा रंग जरा उजळ, ज्याचे दात पुढे नाहीत, तो आत. आमच्या हमालाला बाहेर काढला. का, तर तो पडद्यावर गुंड वाटतो! सगळ्यांत मऊ मनाचा माणूस होता तो. आणि घड्याळजीला बसवलं मागे, खांबाआड. घड्याळजीला ऐकू येत नव्हतं, तो हातांनी बोलायचा. सात वर्षं दारूला न शिवलेला, आमच्यात सगळ्यांत जुना. सहायक म्हणाला, "याच्या हातवाऱ्यांचं काय करायचं? लोक हसतील."

आणि दारुड्या बाईच्या कामासाठी त्यांनी एक नटी आणली होती. मी दारात पोचले तेव्हा मेकअपवाला तिच्या केसांत राख चोळत होता. चेहऱ्याला काळा रंग फासलेला, कपडे फाटके. तिने झोकांड्या खात यायचं, खदाखदा हसायचं आणि नायकाच्या अंगावर पडायचं. तसं तिने केलं. सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं आणि फार मोठ्याने आलं.

दिग्दर्शकाने मान वळवली. "काय झालं, बाई?"

"काही नाही साहेब. अशी नसते."

"कोण अशी नसते?"

"दारू पिणारी बाई. ती केस पिंजारून कशी येईल? पहिल्याच दिवशी पकडली जाईल की. चारजणींत ती सगळ्यांत नीटनेटकी. वेणी घट्ट, कपड्यांना कडक इस्त्री, तोंडात लवंग."

"तुम्हाला काय माहीत?"

खारू, त्या दिवशी मला दारू सोडून चौदा महिने झाले होते आणि लाँड्रीत कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. बैठकीला मी मागच्या जिन्याने जायचे, चादरी बदलायला जाते असं सांगून. त्या वेळी आमची मुकादमबाई माझ्या मागेच उभी होती. 'ऐकलंय कुणाकडून तरी' म्हणून सुटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या नटीच्या केसांतली राख दिसली आणि माझं डोकंच फिरलं. ही मी आहे म्हणून दाखवणार? ही?

"कारण मी पीत होते," मी म्हटलं. "आठ वर्षं. आणि त्या आठ वर्षांत माझ्या हातची एकही चादर डाग राहिला म्हणून खाली परत आली नाही."

शिडीवरचा दिवेवाला काम सोडून माझ्याकडे बघायला लागला. मुकादमबाईने 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवला. दिग्दर्शकाने हातातले कागद बाजूला ठेवले. मग त्याने नटीला चहा घ्यायला पाठवलं आणि मला विचारलं, "बसाल?"

"मेकअप नको."

"नको."

"आणि घड्याळजी माझ्या शेजारी बसेल. खांबाआड नाही."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"हो साहेब."

बसवलं त्याने. म्हणून आज ती पोरगी म्हणते की अशी बाई आणि असा घड्याळजी त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या सिनेमात सापडत नाही. आणि शेवटी नावं आली त्यांत काय छापलं होतं, ठाऊक आहे? नायक, नायिका, डॉक्टर, आणि सगळ्यांत खाली 'दारुडी बाई'. पुढे नाव नाही. घड्याळजी तर कुठेच नाही.

आता नव्या प्रतीत राहिलेली नावं घालणार आहेत. फॉर्म आलाय. मी तो भरून ठेवलाय, पूर्ण नाव, आडनावासकट. ते आडनाव तुझंही आहे, तू लग्नानंतरही बदललं नाहीस, म्हणून सांगितलं. त्या सीनमध्ये मी दोन-चार वाक्यं बोलले, बस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

आई


२० फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी खुर्चीत बसले, मग उघडलं.

तू लिहितेस, "तू प्यायचीस याची मला कधीच लाज वाटली नाही. तू सोडलीस तेव्हा मी वर्गात सांगत सुटले होते. पण दोन-चार वाक्यं म्हणतेस ना? मग पाचवं वाक्य कोणतं होतं ते लिही. हिंमत असेल तर लिही."

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! सकाळी तीन पानं लिहिली. आईला असं विचारतात का, मी एकटीने तुला कसं वाढवलं, तुझे बाबा निघून गेले तेव्हा कोण होतं, सगळा पाढा वाचला. मग ती पानं फाडली. आता दुपार झाली आहे. जेवण करून, भांडी घासून परत बसलेय.

पाचवं वाक्य लिहिते.

"माझी मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी राहून राहून शेवटी तिचा फ्रॉक ओला झाला."

तू नऊ वर्षांची होतीस. शाळेत कार्यक्रम होता, तू पक्षी झाली होतीस, पाठीला कागदाचे पंख. मी बघायला येणार होते. कार्यक्रम संपला, सगळी पोरं घरी गेली, रस्त्यावरचे दिवे लागले. शाळेचा रखवालदार तुला हाताला धरून हॉस्पिटलात घेऊन आला, कारण माझं काम कुठे ते तुला माहीत होतं. मी चादरी वाळवायच्या खोलीत, गरम चादरींच्या ढिगावर झोपले होते. त्याने मला हलवून उठवलं. तू समोर उभी. आणि मी काय म्हटलं? "एवढी घोडी झालीस आणि फ्रॉक ओला करतेस?" सगळ्यांदेखत तुलाच रागावले.

दुसऱ्या दिवशी मी मागचा जिना चढले, पहिल्यांदा. ते तुझ्यामुळे. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण सांगायचं मी होते.

मग कॅमेऱ्यासमोर मी ते वाक्य बोलले तेव्हा वाटलं, मी माझी लाज चव्हाट्यावर मांडतेय, किती धीट आहे मी. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी पाठ थोपटली. पण तो फ्रॉक माझा नव्हता. तुला विचारलंसुद्धा नाही मी. सहावीत पोरं तुला 'ओली' म्हणून हाका मारायची, हे मावशीने मला किती वर्षांनी सांगितलं. ज्या दिवशी तू दप्तर फेकून रडत घरात शिरलीस त्या दिवशी मी शेजारणीला तोच सीन करून दाखवत होते. तुझ्याकडे बघून म्हटलं, "थांब जरा, संपवू दे." पंधरा दिवसांनी तू मावशीकडे राहायला गेलीस. लोक म्हणाले, दारूने पोर गेली. दारूने नाही गेली. दारू सुटली होती.

हिंमत असेल तर लिही म्हणालीस. लिहिलं.

फॉर्म अजून पाठवलेला नाही. आधीच्या पत्रात मी परवानगी मागत नाही असं तोऱ्यात लिहिलं होतं. आता मागते. आडनाव लावायचं की नाही, ते तू सांग. नाही म्हणालीस तर 'लाँड्रीवाली' म्हणून देईन. तेही खोटं नाही.

आई


४ मार्च

खारू,

एक काम करून आले, ते सांगते.

आधी संग्रहालयात गेले. म्हटलं, ते एक वाक्य काढा. तिथला माणूस अगदी नम्र. म्हणाला, "काकू, जुन्या कलाकृतीला आम्ही हात लावत नाही. दिग्दर्शकांनी लेखी दिलं तरच." मग मी विद्यार्थिनीला बरोबर घेऊन दिग्दर्शकाच्या घरी गेले. वाटेभर ती पोरगी माझ्याशी भांडली. "काकू, तो सीन म्हणजे माझा अख्खा प्रबंध आहे! बाई स्वतःच्या तोंडाने बोलते असा एकच सीन, आणि तोच तुम्ही कापताय?"

"बाई राहील," मी म्हटलं. "फ्रॉक जाईल."

"पण त्या वाक्यानेच तर लोकांना कळतं, की..."

"कळायचं ते बाकीच्या वाक्यांतून कळू दे. नाही कळलं तर माझ्या बोलण्यात दम नव्हता म्हणायचं."

दिग्दर्शक ऐंशीला टेकलाय. पलंगावर उशांना टेकून बसला होता, पण आवाज तोच. मला बघून म्हणाला, "पुन्हा अटी?"

"हो साहेब. एकच."

सगळं ऐकलं आणि तो चिडला. सिनेमा मुका होईल, लंगडा होईल, त्या वाक्यावर लोक रडले होते. मी म्हटलं, "लोक रडले आणि घरी गेले. माझ्या पोरीला घरच सोडावं लागलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी विचारायला हवं होतं, मुलगी आहे का, तिला चालेल का. सुचलंच नाही. खरं मिळालं होतं ना हातात!"

त्याने सही केली.

आता प्रश्न आला, सात सेकंद काढायची तर तिथे दाखवायचं काय? नुसतं कापलं तर धक्का बसतो. त्या पोरीलाच आठवलं. संग्रहालयातल्या डब्यांत न वापरलेली रिळं होती, ती तिने बघितली होती. त्यांत घड्याळजीचा चेहरा होता. मी बोलतेय आणि तो माझ्या ओठांकडे बघतोय, भुवया वर करून, एक अक्षर सुटू नये म्हणून. मग त्याचे हात उठतात आणि तो मला म्हणतो, "पुढे बोल." तेव्हा हे सगळं काढून टाकलं होतं, लोक हसतील म्हणून. आता मी फ्रॉकबद्दल बोलायचे तिथे आवाज नाही. घड्याळजी दिसतो, त्याचे हात दिसतात. आणि मग पुन्हा मी.

बघून झाल्यावर ती पोरगी बराच वेळ नाक पुसत होती. म्हणाली, "काकू, मला प्रबंधाचं एक प्रकरण नव्याने लिहावं लागणार."

"लिही," मी म्हटलं. "तरुण आहेस."

खारू, हे मी तुला खूश करायला केलेलं नाही. तू आता काहीही म्हणालीस तरी ते वाक्य परत जोडता येणार नाही. फॉर्मची मुदत १० तारखेपर्यंत वाढवून घेतली आहे. तेवढं तुझ्यावर आहे.

आई


१६ मार्च

खारू,

तुझी चिठ्ठी ९ तारखेला मिळाली. तीन ओळींची, पण माझ्यासाठी पुष्कळ. "आडनाव लाव. खेळाला मी येणार नाही, अजून जमणार नाही." आणि तिसरी ओळ, तिच्यावर शेवटी येते. आधी खेळाचं ऐक.

थिएटर भरलं होतं. मी निळा पोशाख घातला होता, स्वतः इस्त्री केलेला. या वयात ते काम दुसऱ्याच्या हाती सोपवत नाही. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत घड्याळजीची बायको, तिलाही ऐकू येत नाही, आणि तिच्यासोबत त्यांच्या कर्णबधिर मंडळाची वीस-पंचवीस माणसं. घड्याळजी जाऊन नऊ वर्षं झाली. पडद्यावर त्याचा तो चेहरा आला, हात उठले, आणि त्या दोन रांगांत सगळ्यांचे हात वर गेले, पंजे हलवत. त्यांची टाळी तशी असते. आवाज काही नाही. बाकीचं थिएटर तिकडे बघत राहिलं. घड्याळजीची बायको उभी राहिली आणि तिने पडद्याकडे बघून हातांनीच काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. नवरा-बायकोतलं होतं.

मग मी आले पडद्यावर. पस्तिशीची, काळीसावळी, वेणी घट्ट, नजर सरळ. खारू, मी सुंदर होते गं. कुणी तेव्हा सांगितलंच नाही मला. आठ वर्षं प्यायले, सोडली, आणि चारचौघांत मान वर करून बोलले. त्या बाईबद्दल मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. ऊर भरून आला माझा.

शेवटी नावं आली. माझं नाव आलं, तुझं-माझं आडनाव आलं, आणि पुढे 'बैठकीतील सदस्य'. तो शब्द मी मागून घेतला होता. त्याखाली घड्याळजी, त्याच्या खऱ्या नावाने. त्याखाली हमालसुद्धा, जरी तो कुठे दिसत नसला तरी. मी म्हटलं होतं, ज्याला काढला त्याचंही नाव घाला.

स्टेजवर विद्यार्थिनीने मला प्रश्न विचारले. मी धडाधड उत्तरं दिली, लोक हसलेही. मग मागून एका गृहस्थांनी हात वर केला. "मी हा सिनेमा तेव्हाही पाहिला होता, त्या सीनमध्ये तुम्ही मुलीचा उल्लेख केला होता. ती आता कुठे आहे? तिला काय वाटतं या सगळ्याबद्दल?"

पूर्वीची मी असते तर सांगत सुटले असते. माझी मुलगी मुख्याध्यापिका आहे, अशी आहे, तशी आहे, तिने मला चिठ्ठी पाठवली. मोह झाला, खोटं कशाला बोलू? माइक हातात होता आणि पाचशे माणसं वाट बघत होती.

मी म्हटलं, "तिची गोष्ट तिची आहे. तिला सांगायची असेल तेव्हा ती सांगेल, नसेल तर नाही सांगणार. पुढचा प्रश्न विचारा."

ते गृहस्थ जरा ओशाळले. टाळ्या काही वाजल्या नाहीत. मला चाललं.

आता तुझी तिसरी ओळ. "आता किती वर्षं झाली?"

बैठकीत दर वर्षी विचारतात. डॉक्टर विचारतात, विद्यार्थिनीने विचारलं, परवा त्या गर्दीतही कुणी तरी विचारलं. घरच्या माणसाने आजवर कधी विचारलं नव्हतं. मावशीनेही नाही, तिला वाटायचं, विचारलं तर मला वाईट वाटेल. नेमकी ज्या दिवशी तुझी चिठ्ठी आली त्याच दिवशी दारू सोडल्याला आणखी एक वर्ष भरलं.

तेहतीस झाली, खारू. एकही खाडा नाही.

आई